प्रसंगापासून नियमाकडे : सहवर्ती संगणकप्रणालींच्या अपेक्षालेखनाचा इतिहास

१. विषयाची मांडणी

कोणतेही यंत्र बांधावयाचे तर ते कसे वागावे हे आधी ठरवावे लागते, आणि जे ठरले ते शब्दांत किंवा चित्रांत उतरवावे लागते. हे उतरविण्याच्या मुख्य रीती दोन. पहिली नियम सांगण्याची : 'दार उघडे असताना लिफ्ट हलता कामा नये.' दुसरी प्रसंग सांगण्याची : 'चौथ्या मजल्यावरील मनुष्य कळ दाबतो, लिफ्ट वर येते, दार उघडते, मनुष्य आत शिरतो, दार मिटते, लिफ्ट खाली जाते.' पहिल्या रीतीत सर्व काळांविषयी एकच विधान असते. दुसरीत एका वेळेची हकीकत असते, आणि अशा हकीकती पुरेशा सांगितल्या म्हणजे ऐकणाराला यंत्राचे एकंदर वर्तन समजेल, असे गृहीत धरलेले असते. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या रीतीचा, म्हणजे प्रसंगांवरून प्रणाली रचण्याच्या व तपासण्याच्या पद्धतीचा, इतिहास थोडक्यात सांगावयाचा आहे.

हा इतिहास संगणकशास्त्राचा असला तरी भाषेच्या अभ्यासकालाही तो जवळचा वाटावा असा आहे. थोड्या वाक्यांवरून व्याकरण कसे उभे करावे, आणि उभे केलेले व्याकरण बोलणाराच्या मनातील भाषेशी जुळते की नाही हे कसे ठरवावे, हा आमच्या शास्त्राचा जुना प्रश्न. तोच प्रश्न दूरध्वनीच्या अभियंत्यांपुढे निराळ्या वेषात आला आणि त्याचा उलगडा करताना त्यांच्या हाती जे लागले, ते आम्हांलाही उपयोगी पडणारे आहे.

प्रथम परिभाषेविषयी. इंग्रजीतील 'सिनॅरिओ' या शब्दासाठी येथे 'प्रसंग' हा शब्द योजिला आहे. मूळ शब्द इटालियन रंगभूमीवरचा. तेथील 'कोमेदिया देल्लार्ते' या नाट्यप्रकारात संवाद लिहिलेले नसत. प्रवेशांचा क्रम मांडलेला एक कागद रंगमंचामागे लावलेला असे आणि त्याच्या आधाराने नट आयत्या वेळी संवाद रचीत. आपल्याकडील तमाशातील वगाची जुनी रीतही याच जातीची होती. या मूळ अर्थातील एक गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. कागद सर्वांचा एक असला, तरी प्रत्येक नट त्यातून आपल्या वाट्याचे तेवढे उचलतो, आणि रंगमंचावर गेल्यावर दुसरा काय करीत आहे हे त्याला समोर दिसेल तेवढेच कळते.

२. सहवर्तित्वाचा प्रश्न

एकच काम एका वेळी करणारा संगणक आणि अनेक कामे एकाच काळात चालविणारा संगणक यांत केवळ संख्येचा फरक नाही. दुसऱ्या प्रकारच्या प्रणालीस येथे 'सहवर्ती' प्रणाली म्हटले आहे. तिचे घटक आपापल्या गतीने चालतात, आणि त्यांच्या पावलांचा परस्परांतील क्रम कोणीही आधी ठरवून दिलेला नसतो. प्रत्येकी दहा पावले टाकणारे दोन घटक घेतले, तर त्यांची पावले एकमेकांत मिसळण्याचे १,८४,७५६ प्रकार होतात. तिसरा तसाच घटक आणला की ही संख्या ५,५५,००० कोटींहून अधिक होते. तेव्हा सर्व क्रम चालवून पाहणे अशक्य, हे उघड आहे.

या प्रश्नाचा मूलभूत विचार जर्मन गणिती कार्ल आडाम पेट्री यांनी आपल्या १९६२ सालच्या प्रबंधात केला. दूर दूर असलेल्या घटकांना लागू पडेल असा एकच सार्वत्रिक क्षण मानणे सयुक्तिक नाही. कोणती घटना कोणत्या घटनेवर अवलंबून आहे, एवढेच पाहावे, असा त्यांच्या विचाराचा रोख होता. १९६५ साली हॉलंडमधील एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी एकाच साधनावर अनेक घटकांनी एका वेळी हात टाकू नये यासाठी काय करावे, याची मांडणी केली. त्याच सुमारास त्यांनी विद्यार्थ्यांना घातलेले एक उदाहरण पुढे टोनी होअर यांनी दिलेल्या वेषात 'जेवणाऱ्या तत्त्वज्ञांचा प्रश्न' म्हणून प्रसिद्धीस आले. वाटोळ्या मेजाभोवती पाच तत्त्वज्ञ बसले आहेत, दोघादोघांत एक याप्रमाणे पाच काटे आहेत, आणि जेवावयास प्रत्येकाला दोन काटे लागतात. 'आधी डावा घ्या, मग उजवा' हा प्रत्येकाचा नियम निर्दोष दिसतो. पण पाचही जणांनी एकदम डावा काटा उचलला, तर सारे उपाशी राहतात. प्रत्येकाचे वर्तन ठीक, आणि सर्वांचे मिळून विपरीत, हे सहवर्तित्वाचे लक्षणच म्हणावयास हरकत नाही.

१९७८ साली लेस्ली लॅम्पोर्ट यांनी 'आधी घडणे' या संबंधाची नेमकी व्याख्या दिली. एकाच घटकातील दोन घटनांना क्रम असतो. संदेश पाठविणे हे तो मिळण्याच्या आधी असते. या दोन गोष्टींतून जे निष्पन्न होईल तेवढाच क्रम खरा. उरलेल्या घटनांना आपसांत क्रमच नाही. कागदावर एक वर आणि दुसरी खाली लिहिली म्हणून क्रम उत्पन्न होत नाही. पुढे आपण पाहू की चित्रे काढणारांनी नेमकी हीच गोष्ट पुष्कळ काळ दृष्टीआड केली.

याच सुमारास नियमपक्षही बलवान होत होता. आमीर प्नुएली यांनी १९७७ साली कालवाचक तर्कशास्त्र संगणकाच्या आज्ञावलींना लावले, आणि 'अमुक कधीच घडू नये', 'अमुक केव्हातरी घडलेच पाहिजे' अशी विधाने गणिताने तपासण्याचा मार्ग मोकळा झाला. पण ही विधाने लिहिणे व वाचणे मोजक्या तज्ज्ञांना साधे. कारखान्यातील अभियंता आणि गिऱ्हाईक प्रसंगांतच बोलत राहिले.

३. दूरध्वनी केंद्रांतील चित्रे

प्रसंगलेखनाची शिस्त जन्मली ती दूरध्वनी केंद्रांच्या बांधणीत, आणि ते स्वाभाविक होते. हजारो ग्राहक एकाच काळात यंत्र उचलतात, क्रमांक फिरवितात, मधेच ठेवून देतात. एक केंद्र दुसऱ्याशी, दुसरे तिसऱ्याशी बोलते. निरनिराळ्या देशांतील निरनिराळ्या कंपन्यांनी बांधलेली केंद्रे एकमेकांशी बोलू शकली पाहिजेत, म्हणून त्यांच्या संभाषणाचे सर्वमान्य लेखन आवश्यक झाले. जिनीव्हा येथील आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या सल्लागार समितीने १९७६ साली 'एसडीएल' नावाची वर्णनभाषा पुरस्कृत केली. ती प्रत्येक घटकाच्या अवस्थांचे वर्णन करी. तिच्या जोडीला अभियंते एक साधे चित्र काढीत असत : प्रत्येक घटकासाठी एक उभी रेषा, काळ वरून खाली वाहणारा, आणि एका रेषेपासून दुसरीपर्यंत जाणारा बाण म्हणजे संदेश.

ही चित्रे प्रत्येक जण आपापल्या मनाप्रमाणे काढी. त्यांना एकरूप व्याकरण द्यावे अशी सूचना येन्स ग्राबोव्स्की व एकार्ट रुडोल्फ यांनी १९८९ साली मांडली. तीतून 'मेसेज सीक्वेन्स चार्ट' ही प्रमाणपद्धती आकारास आली आणि १९९२ साली झेड-१२० या क्रमांकाने तिला मान्यता मिळाली. तिला आपण 'संदेशक्रमचित्र' म्हणू. १९९६ सालच्या आवृत्तीत त्या चित्रांना जोडणारे वरच्या पातळीचे आलेख आले : अमुक चित्रानंतर तमुक, किंवा यांपैकी कोणतेही एक, किंवा हेच पुन्हा पुन्हा. सुट्या वाक्यांवरून परिच्छेदाकडे जावे तशी ही पायरी होती.

दुसरा ओघ स्वीडनमधून आला. एरिक्सन कंपनीत दूरध्वनी केंद्रांचे काम केलेले इवार याकोबसन यांनी १९८७ साली 'यूज केस' ही कल्पना मांडली आणि १९९२ साली तीवर सविस्तर ग्रंथ लिहिला. वापरणारा यंत्राकडून कोणते काम करून घेतो, त्याची कथा आधी लिहावी व तीवरून रचना करावी, असे त्यांचे प्रतिपादन. १९९७ साली मान्य झालेल्या 'यूएमएल' या एकत्रित चित्रभाषेत ही कथा आणि ती उभ्या-आडव्या रेषांची चित्रे या दोहोंना स्थान मिळाले, आणि दूरध्वनीच्या बाहेर, पेढ्या, रुग्णालये, विमाने, मोटारी यांच्या आज्ञावलींतही प्रसंगलेखन रूढ झाले.

या पद्धतीचा गुण असा की चित्र कोणालाही वाचता येते. त्यासाठी तर्कशास्त्र यावे लागत नाही. दोषही याच गुणात दडलेला होता. चित्र काढणारा 'हे असे घडते' एवढेच म्हणे. असे घडू शकते, की असेच घडले पाहिजे? चित्रात जे नाही ते निषिद्ध, की केवळ अनुक्त? या प्रश्नांना चित्रात उत्तर नव्हते.

४. कोणी न लिहिलेला प्रसंग

हा प्रश्न निव्वळ परिभाषेचा नाही, हे कळण्यासाठी एका दुर्घटनेचा उल्लेख अगत्याचा आहे. कॅनडातील एका शासकीय कंपनीने बनविलेले 'थेरॅक-२५' हे यंत्र कर्करोगावर किरणोपचार करण्यासाठी होते. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका व कॅनडा येथे त्याच्याकडून सहा वेळा रुग्णांना अतिरिक्त मात्रा दिली गेली आणि त्यांतील काही रुग्ण दगावले. नॅन्सी लेव्हसन व क्लार्क टर्नर यांनी १९९३ साली या घटनांची जी चिकित्सा प्रसिद्ध केली, ती या विषयाच्या प्रत्येक अभ्यासकाने वाचावी अशी आहे.

१९८६ सालच्या मार्च व एप्रिल महिन्यांत टेक्सासमधील टायलर येथे जे घडले ते असे. यंत्र चालविणाऱ्या बाईंनी इलेक्ट्रॉन उपचाराच्या जागी चुकून क्ष-किरणांचे अक्षर टंकित केले, आणि चूक ध्यानात येताच वर जाऊन ते झटपट दुरुस्त केले. अशी दुरुस्ती नित्याचीच होती. तथापि यंत्रातील चुंबके योग्य जागी बसविण्यास सुमारे आठ सेकंद लागत, आणि त्या अवधीत केलेली दुरुस्ती आज्ञावलीच्या दुसऱ्या घटकाच्या नजरेस येत नसे. पडद्यावर नवे अक्षर, आत मात्र जुन्या अक्षराची मांडणी. सरावाने ज्यांचा हात जलद झाला होता, त्यांच्याच हातून ही घटना घडू शके. म्हणूनच सावकाश केलेल्या चाचण्यांत ती दिसून आली नाही. याच घराण्यातील आधीच्या यंत्रात हाच दोष होता, पण तेथे विद्युत्-यांत्रिक अडसर असल्यामुळे तो कोणाला बाधला नाही. नव्या यंत्रात ते अडसर काढून टाकून सारा भरवसा आज्ञावलीवर ठेवला होता.

'माहिती भरा, मग यंत्र मांडणी करील' हा प्रसंग सर्वांना ठाऊक होता. 'माहिती दुरुस्त करा, मग यंत्र मांडणी करील' हाही ठाऊक होता. 'यंत्र मांडणी करीत असतानाच माहिती दुरुस्त करा' हा प्रसंग कोणी मनात आणला नव्हता. तो दोन घटकांच्या गतींतून आपोआप उद्भवला. प्रसंगलेखनाच्या पुढील इतिहासाचे मर्म या एका वाक्यात आहे, असे मला वाटते : लिहिलेल्या प्रसंगांतून न लिहिलेले प्रसंग उत्पन्न होतात, आणि ते शोधून काढणे हे रचनाकाराचे कर्तव्य ठरते.

५. चित्रांची चिकित्सा

हे शोधण्याचे पद्धतशीर प्रयत्न १९९६ सालापासून दिसतात. बेल प्रयोगशाळेतील राजीव अलूर, जेरार्ड होल्झमन आणि डोरॉन पेलेड यांनी संदेशक्रमचित्रांची तपासणी करणारे साधन तयार केले. त्यांनी दाखविलेला पहिला दोष लॅम्पोर्टच्या विचाराशी निगडित आहे. दोन निरनिराळे घटक तिसऱ्याला संदेश पाठवितात. चित्रात एक बाण वर आणि दुसरा खाली आहे. वाचणाराला वाटते की वरचा आधी पोहोचणार. प्रत्यक्षात तसे घडविणारे काहीच नाही. चित्रातील क्रम हा कागदाचा क्रम आहे. प्रणालीला तो माहीत नसतो. अशा जागांना त्यांनी शर्यत म्हटले.

१९९७ साली हनेन बेन-अब्दल्ला व स्टेफान लॉय यांनी दुसरा दोष पुढे आणला. आलेखात 'यांपैकी कोणतेही एक' असा फाटा असतो, पण निवड कोणी करावयाची? पहिल्या फाट्याचा आरंभ एका घटकाकडे आणि दुसऱ्याचा दुसऱ्याकडे असेल, तर दोघेही एकाच वेळी आपापला फाटा धरू शकतात. दूरध्वनीच्या अभियंत्यांना याचा अनुभव फार पूर्वीपासून होता : दोन केंद्रांमधील एकच वाहिनी दोन्ही टोकांनी एकाच क्षणी धरली जाते आणि दोघेही आपणच प्रथम बोलत आहोत असे समजतात.

तिसरा व सर्वांत खोल मुद्दा अलूर, कुशा एतेसामी व मिहालिस यानाकाकिस यांनी २००० साली मांडला. त्यांचे उदाहरण अणुवीज केंद्राचे आहे. युरेनियम इंधन आणि नायट्रिक आम्ल यांचे प्रमाण नेहमी समान राहिले पाहिजे. एक घटक दोन्ही नोंदी एकाने वाढवितो. दुसरा दोन्ही दुप्पट करतो. लिहिलेले प्रसंग दोन : एकात दोन्ही ठिकाणी वाढ आधी व दुप्पट नंतर, दुसऱ्यात दोन्ही ठिकाणी दुप्पट आधी व वाढ नंतर. समजा, मूळ आकडा १० आहे. पहिल्या प्रसंगात दोन्हीकडे २२ होतात, दुसऱ्यात दोन्हीकडे २१. दोन्ही प्रसंग सुरक्षित. परंतु युरेनियमच्या नोंदीपाशी पहिला क्रम आणि आम्लाच्या नोंदीपाशी दुसरा क्रम घडला, तर एकीकडे २२ व दुसरीकडे २१ होतात. प्रत्येक घटकाला विचारले तर तो म्हणेल, 'माझ्यापुरते सांगितल्याप्रमाणेच घडले.' आणि ते खरेही असेल. कोणत्याही घटकाला एकट्याने हा तिसरा प्रसंग टाळता येत नाही, कारण कोणालाच संपूर्ण चित्र दिसत नाही.

भाषेतील उदाहरण घेतले म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होईल. 'मुलगा आला' आणि 'मुलगी आली' ही दोन वाक्ये एखाद्या परकीय अभ्यासकाने टिपून घेतली. वाक्यातील पहिली जागा आणि दुसरी जागा हे दोन स्वतंत्र घटक मानले, आणि प्रत्येकाने आपल्या जागी जे रूप ऐकले ते वापरावे असे ठरविले, तर 'मुलगा आली' हे वाक्यही तयार होईल. प्रत्येक जागेपुरते ते बरोबर, पण सबंध वाक्य अशुद्ध. मात्र 'मुलगा आला' आणि 'पाहुणा गेला' ही दोन वाक्ये त्याच रीतीने वापरली तर 'मुलगा गेला' हे वाक्य मिळते, आणि ते निर्दोष आहे; केवळ टिपणात आलेले नव्हते. दोन्ही वाक्ये एकाच यांत्रिक रीतीने उत्पन्न झाली. त्यांतील कोणते स्वीकारावे व कोणते टाकावे, हे ती रीत सांगू शकत नाही.

अशा प्रसंगांना इंग्रजीत 'इंप्लाइड सिनॅरिओ' हे नाव मिळाले. त्यांना मराठीत 'अध्याहृत' म्हणण्याचा मोह होतो, पण तो आवरला पाहिजे. अध्याहृत म्हणजे बोलणाराच्या मनात असलेले पण उच्चारलेले नसलेले. येथे तर प्रसंग कोणाच्याच मनात नसतो. आपल्या परंपरेत यासाठी अधिक अचूक शब्द आहेत. लक्षण ज्याला लागू पडू नये त्याला लागू पडले म्हणजे अतिव्याप्ती. लागू पडावयास हवे तेथे न पडले म्हणजे अव्याप्ती. 'मुलगा आली' येथे टिपणावरून रचलेल्या व्याकरणाची अतिव्याप्ती उघड होते. 'मुलगा गेला' येथे मूळ टिपणाची अव्याप्ती उघड होते. म्हणून या प्रसंगांना मी 'निष्पन्न प्रसंग' असे तटस्थ नाव देतो. निष्पन्न झाले एवढेच यंत्र सांगते. दोष कोणत्या बाजूचा, याचा निवाडा नंतरचा.

या निवाड्याची रीत लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील सेबास्तियान उचितेल, जेफ क्रेमर व जेफ मॅगी यांनी बसविली. २००१ ते २००४ या काळातील त्यांच्या लेखांत बाष्पकाच्या नियंत्रणाचे उदाहरण वारंवार येते. मापक दाबाची नोंद भांडारात करतो; नियंत्रक भांडारातून नोंद वाचून झडपेला आज्ञा देतो; नियंत्रक मापकाला सुरू व बंद करतो. हे सारे प्रसंग वेगवेगळे पाहिले तर निरुपद्रवी. त्यांतून एक निष्पन्न प्रसंग असा निघतो : यंत्रणा बंद करून पुन्हा सुरू केली, मापकाने नवी नोंद करण्याच्या आत नियंत्रकाने भांडार वाचले, आणि मागील खेपेच्या दाबावरून आज्ञा दिली. उचितेल व त्यांच्या सहकाऱ्यांचे साधन असा एकेक प्रसंग काढून अपेक्षा सांगणारापुढे ठेवते व विचारते : हा चालेल काय? 'चालेल' म्हटले तर तो लिहिलेल्या प्रसंगांत जमा होतो. 'चालणार नाही' म्हटले तर तो निषिद्ध प्रसंग म्हणून नोंदला जातो. मग नव्या संग्रहावरून पुन्हा शोध. संदेश देणे व घेणे एकाच क्षणी घडते असे मानल्यामुळे त्यांना हा शोध आटोक्यात ठेवता आला.

सर्वसाधारण प्रश्न मात्र आटोक्यात राहत नाही. फाटे व आवर्तने असलेल्या आलेखांच्या बाबतीत, मार्गस्थ संदेशांची संख्या मर्यादित ठेवली तरीही, निष्पन्न प्रसंग उरले आहेत की नाहीत हे नेहमीच ठरवू शकेल अशी यांत्रिक रीत असूच शकत नाही, असे अलूर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली सिद्ध केले.

या टप्प्यावर भारतीय संशोधकांचा वाटा नमूद केला पाहिजे. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमधील माधवन मुकुंद व के. नारायण कुमार आणि मुंबईच्या आय. आय. टी.तील मिलिंद सोहोनी यांनी २००० साली चित्रांच्या एका सुनियमित वर्गापासून घटकांची अवस्थायंत्रे रचण्याची रीत दिली. त्याच वर्षी मुकुंद व नारायण कुमार यांनी पी. एस. त्यागराजन व येस्पर हेन्रिक्सन यांच्यासह त्या वर्गाचे स्वरूपही निश्चित केले. घटकांना आपल्या संदेशांबरोबर थोडी जादा खूण पाठविण्याची मुभा दिली, तर या वर्गातील संग्रह नेमका तेवढाच वठविता येतो, हे त्यांच्या कामाचे सार. व्याकरणाच्या विद्यार्थ्याला यात ओळखीचे काही दिसेल. 'आला' आणि 'आली' यांतील प्रत्यय हीच ती जादा खूण. कर्त्याच्या जागेची बातमी क्रियापदाच्या जागेपर्यंत पोहोचविणे हे तिचे काम.

६. 'घडू शकते' आणि 'घडलेच पाहिजे'

चित्र काय म्हणते, या मूळ प्रश्नाकडे थेट वळले ते इस्राएलमधील वाइत्समन संस्थेचे डेव्हिड हॅरेल. विमानाच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेवर सल्ला देताना त्यांनी 'स्टेटचार्ट' ही अवस्थांची चित्रभाषा काढली होती. १९८७ साली ती प्रसिद्ध झाली व पुढे यूएमएलमध्येही शिरली. वेर्नर डाम यांच्यासह त्यांनी १९९९ साली प्रथम व २००१ साली विस्ताराने 'लाइव्ह सीक्वेन्स चार्ट' मांडले. त्यांत प्रत्येक चित्राला अर्थ द्यावा लागतो. काही चित्रे म्हणतात, 'असे एकदा तरी घडू शकले पाहिजे.' काही म्हणतात, 'आरंभीचा हा भाग घडला, की पुढचा भाग घडलाच पाहिजे.' चित्राच्या आतील प्रत्येक संदेशालाही सक्ती की मुभा, ही खूण लावता येते, आणि जे कधीच घडू नये तेही चित्रानेच सांगता येते. मराठीत विध्यर्थाची रूपे नसती, आणि 'तो जातो', 'तो जाऊ शकतो', 'त्याने जावे' हे सारे एकाच रूपाने सांगावे लागले असते, तर जो गोंधळ उडाला असता, तो जुन्या चित्रांत होता. हॅरेल व डाम यांनी चित्रांना क्रियापदाचे अर्थ दिले, असे म्हणता येईल.

२००३ साली हॅरेल व रामी मारेली यांनी एक पाऊल पुढे टाकले. वापरणाराने पडद्यावरील यंत्राच्या प्रतिकृतीवर प्रसंग करून दाखवावेत, साधनाने त्यांवरून चित्रे टिपावीत, आणि मग तीच चित्रे एकत्र चालवून यंत्रासारखे वागून दाखवावे, अशी त्यांची योजना होती. येथे प्रसंगांचे नियमांत रूपांतर होण्याची वाट न पाहता प्रसंगच प्रणाली बनतात. तथापि दोन सक्तीची चित्रे परस्परविरुद्ध असली तर काय, हा प्रश्न येथेही उभा राहतोच, आणि त्याचे उत्तर पुन्हा सांगणाराकडूनच घ्यावे लागते.

७. विचारणे आणि ऐकणे

उदाहरणांवरून नियम काढण्याच्या मर्यादा भाषेच्या क्षेत्रात ई. मार्क गोल्ड यांनी १९६७ सालीच दाखविल्या होत्या. सर्व सांत भाषा व निदान एक अनंत भाषा ज्या वर्गात आहेत, त्या वर्गातील भाषा केवळ शुद्ध वाक्ये ऐकून ओळखता येणार नाही, असा त्यांचा सिद्धांत. मात्र 'हे वाक्य अशुद्ध' अशीही माहिती मिळाली तर चित्र पालटते. १९८७ साली डाना अँग्लुइन यांनी आणखी पुढे जाऊन दाखविले की विद्यार्थ्याला प्रश्न विचारण्याची मुभा असेल आणि चुकीच्या तर्कावर कोणी प्रत्युदाहरण देणार असेल, तर अवस्थायंत्राने वर्णिता येणारी भाषा मोजक्या प्रश्नांत शिकता येते.

हे सिद्धांत प्रसंगलेखनात उतरावयास फार काळ लागला नाही. फिनलंडमधील काइ कोस्किमिएस व एर्की मॅकिनेन यांनी १९९४ साली चित्रांवरून अवस्थायंत्र रचले, ते केवळ दिलेल्या उदाहरणांवरून. २००१ साली मॅकिनेन व तारया स्युस्ता यांनी अँग्लुइनची प्रश्नपद्धती वापरली. २००२ साली उचितेल व सहकाऱ्यांनी निषिद्ध प्रसंगांना रीतसर स्थान दिले. २००५ साली बेल्जियममधील लूव्हाँ विद्यापीठातील आक्सेल व्हान लाम्सवीर्द व त्यांच्या सहकाऱ्यांनी व्याकरण-अनुमानाची रीतच घेतली : साधन अनुमान करीत जाते आणि शंका येईल तेथे वापरणाराला विचारते, 'असा प्रसंग मान्य आहे काय?' एखाद्या बोलीचे सर्वेक्षण करणारा अभ्यासक आपण बनविलेले वाक्य गावकऱ्यापुढे म्हणून दाखवितो आणि 'असे कोणी बोलते काय?' म्हणून विचारतो, त्याहून हे भिन्न नाही.

८. समारोप

वरील इतिहासातून एक निष्कर्ष निघतो. प्रसंगलेखन म्हणजे अपेक्षा सांगण्याची सोपी, नियमांपेक्षा कमी दर्जाची रीत, असा समज या विषयाच्या आरंभी होता. प्रत्यक्षात ती चौकशीची रीत ठरली. चित्रांच्या संग्रहावरून घटक रचले की त्यांतून अनपेक्षित प्रसंग निष्पन्न होतात. ते शोधण्यास यंत्राचे साहाय्य मिळू शकते, आणि सर्व परिस्थितीत ते पुरेसे पडणार नाही हेही सिद्ध झाले आहे. परंतु सापडलेला प्रसंग अतिव्याप्तीचा की अव्याप्तीचा, हे सांगण्याचा अधिकार ज्याला त्या यंत्राबरोबर राहावयाचे आहे त्याचा असतो : किरणोपचार घेणाराचा, बाष्पकाजवळ उभे राहणाराचा, दूरध्वनी उचलणाराचा. अधिकार त्याचा, आणि तो बजावण्याची संधी देण्याची जबाबदारी रचनाकाराची.

आज आज्ञावल्या लिहिण्याचे काम उत्तरोत्तर अशा साधनांकडे जात आहे, जी स्वतःच असंख्य उदाहरणांवरून घडलेली आहेत आणि ज्यांना अपेक्षा चार वाक्यांत किंवा दोन उदाहरणांत सांगितली जाते. उदाहरणांवरून नियमाकडे जाणारी वाट त्यामुळे पूर्वीपेक्षा वेगाने चालता येते, आणि वाटेत थांबून विचारण्याचा प्रसंग कमी येतो. टायलर येथील त्या आठ सेकंदांत काय होते, हे कोणी आधी विचारले असते, तर उत्तर देण्यास फार विद्वत्ता लागली नसती. म्हणून जे विद्यार्थी या क्षेत्राकडे वळतील त्यांनी चित्रे काढण्यापूर्वी व काढल्यानंतर एक प्रश्न स्वतःस विचारण्याची सवय लावून घ्यावी : माझ्या प्रत्येक घटकाने सांगितल्याप्रमाणेच वागूनही, कोणती गोष्ट घडू शकेल जी मी सांगितलेली नाही?